बातमीवरचं नाव

जगदेवी मठपती यांनी पाठवलेली पहिली बातमी हातपंपाची होती. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका वाडीत हातपंपाचा दांडा मोडला होता आणि तीन महिने बायका त्यात पहार अडकवून पाणी उपसत होत्या. वहीच्या पानावर निळ्या शाईने त्यांनी ते लिहिलं होतं आणि पानाचा फोटो माझ्या व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. "बायका पहारीनं पाणी काढायल्यात," हे पहिलं वाक्य. मी ते खोडलं आणि "महिलांची पाण्यासाठी कसरत" असा मथळा दिला. लातूरहून निघणाऱ्या एका पेपरच्या जिल्हा पानांवर मी तेव्हा उपसंपादक होतो. गावोगावच्या वार्ताहरांची वाक्यं सरळ करणं हेच माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"दयानंद सर, बातमी छान केली तुम्ही. पण त्यातली पहार कुठं गेली?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पहार होती म्हणून ती बातमी होती, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, पुढच्या वेळी ठेवतो.

मूळ वार्ताहर त्यांचे यजमान, संगप्पा. त्यांच्याकडेच पेपरची एजन्सीही होती. पहाटे लातूरहून जीपने गठ्ठे यायचे, ते सोडवून गावोगाव पाठवायचे आणि दुपारी तहसीलभोवती फिरून बातम्या गोळा करायच्या, असा त्यांचा दिवस. एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन ते गेले. तेराव्यानंतर आमच्या संपादकसाहेबांनी जगदेवींना फोन केला आणि एजन्सी चालू ठेवा म्हणून सांगितलं. बातम्यांचं कुणी काही म्हटलं नव्हतं. बाईंनी स्वतःच पाठवायला सुरुवात केली. तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. घरात सासू तुळजाबाई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. शिक्षण बारावीपर्यंत.

आमच्याकडे चाळीस-पंचेचाळीस वार्ताहर होते. बहुतेक जण पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांमागे असायचे, कारण जाहिरात आणली की कमिशन मिळायचं, बातमीला काही नव्हतं. बातमीच्या नावाने आमच्याकडे कुणालाच पगार नव्हता. त्या वाढदिवसांच्या आसपास त्या पुढाऱ्याच्या विरोधातली बातमी येणार नाही, हे सांगावं लागत नसे. जगदेवीही जाहिराती आणायच्या. नाही आणली तर एजन्सी टिकत नव्हती. पण त्यांचं एक होतं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याकडे त्या स्वतः जायच्या. एसटी नसली तर गठ्ठ्याच्या जीपमध्ये बसून जायच्या. लिहून झालं की ते त्या माणसाला वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "मी काही जास्तीचं लिहिलं का?" सख्ख्या दिराच्या रेशन दुकानात काटा मारला जातो, ही बातमीही त्यांनीच पाठवली. त्यालाही आधी वाचून दाखवली होती. त्या वर्षी दिवाळीला तो घरी आला नाही. तुळजाबाईंनी महिनाभर सुनेशी अबोला धरला. मी फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या, "काटा मारतात हे खरं हाय न्हवं सर. मग मी काय करू?"

हळूहळू त्या मोबाइलवर टाइप करायला शिकल्या. वाक्यं लहान, नावं बरोबर, वय बरोबर. त्यांच्या बातमीला मला फारसा हात लावावा लागत नसे. अशी सहा वर्षं गेली.

त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सृष्टी गेली.

शिरूरपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावातली ही मुलगी. वडील व्यंकटी, आई साखराबाई. घरची बागायती चार एकर, शिवाय व्यंकटींची गावच्या दूध डेअरीवर नोकरी. थोरली राजकन्या, तिचं बी.एस्सी. झालेलं. धाकटी सृष्टी, दहावीला तालुक्यात दुसरी आलेली. लातूरला क्लासला घातलं की डॉक्टर होते, असं सगळेच म्हणत होते. तेव्हा त्यांनी तिला एका मोठ्या क्लासला घातलं. क्लासवाल्याच्याच मेहुण्याचं मुलींचं वसतिगृह होतं. तिथे ती राहायची.

त्या दिवशी सकाळी सहाला ती आंघोळीला गेली आणि बाहेर आली नाही. दार तोडलं तेव्हा ती ओल्या फरशीवर पडलेली होती. दवाखान्यात नेण्याआधीच संपलं होतं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण राखून ठेवलं, व्हिसेरा तपासणीला पाठवला, आणि पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दुपारी चारला तिला गावी आणलं.

लातूर शहरातल्या आमच्या वार्ताहराला हे सकाळीच कळलं होतं. त्याने काही पाठवलं नाही. मीही विचारलं नाही. बातमी आली ती शिरूरहून. जगदेवी गावी गेल्या होत्या, अंत्यविधीला थांबल्या होत्या. तिथे सृष्टीच्या खोलीत राहणारी जया आली होती, मुरुडची मुलगी. ती भिंतीला टेकून बसली होती आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. आठ दिवसांपासून बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. गिझरमधून करंट उतरत होता. मुलींनी वसतिगृहाच्या रजिस्टरमध्ये दोनदा लिहून दिलं होतं. आणि सृष्टीला दवाखान्यात नेल्यावर दुपारच्या आत तो गिझर काढून तिथे नवा बसवला होता.

जगदेवींनी आणखी तीन मुलींना फोन लावले. तिघींनी तेच सांगितलं. वसतिगृहाच्या मालकाला फोन केला, त्याने बोलायचं नाही म्हणून फोन ठेवला. तेही त्यांनी लिहिलं. संध्याकाळी साडेसहाला बातमी माझ्या मेलवर आली. तीनशे शब्द होते. त्यातला एकही शब्द मला बदलावासा वाटला नाही. मी ती पहिल्या पानासाठी निवडली.

सातच्या सुमारास संपादकसाहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी बातमी वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "दयानंद, ही जरा सौम्य कर. वसतिगृहाचं नाव नको, क्लासचं तर अजिबात नको. गिझरचं अजून सिद्ध कुठं झालंय?"

"चार मुली सांगतायत सर."

"मुली घाबरलेल्या असतात." त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. "मुलीला आधीपासून फिट यायची म्हणतात. जाहिरात विभागाला क्लासवाल्यांचा फोन आला होता. ते फिटचं टाक."

"कोण म्हणतं?"

"समजते असं लिही की."

त्या क्लासची पान भरून जाहिरात आमच्या पहिल्या पानावर वर्षातून दहा-बारा वेळा यायची. गुण मिळवलेल्या मुलांचे फोटो, ओळीने. हे सगळ्यांना माहीत होतं. पण मला एकट्याला माहीत असलेली आणखी एक गोष्ट होती. माझी मुलगी त्याच क्लासला अकरावीत होती. पेपरमधल्या माणसांना तिथे अर्ध्या फीची सवलत होती आणि ती मी घेतली होती. त्या क्षणी तो विचार माझ्या मनात आला का? आला. किती वेळ राहिला ते सांगता येणार नाही.

मी गिझर काढला. रजिस्टर काढलं. झिणझिण्या काढल्या. नवा गिझर काढला. तीनशे शब्दांचे नव्वद उरले. शेवटी मी लिहिलं, "सदर विद्यार्थिनीला पूर्वीपासून फिट्सचा त्रास होता, असे समजते."

ही ओळ माझी. ती दुसऱ्या कुणीही लिहिली नाही.

बातमी पान चारवर खाली गेली. वर जगदेवींचं नाव होतं, "जगदेवी मठपती, शिरूर अनंतपाळ." ते काढायला एक बटण पुरलं असतं. मी ते ठेवलं. वार्ताहरांना स्वतःचं नाव छापून आलेलं आवडतं, आणि त्यांची एवढी मेहनत मी कापली होती, निदान नाव तरी राहू दे, असं मला वाटलं. मी स्वतःला तसं सांगितलं, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

पहाटे साडेपाचला गठ्ठे शिरूरला पोचले. दोरी कापून त्यांनी पहिलं पान पाहिलं, नंतर एकेक करत चौथं. व्यंकटींच्या गावाला रोज अडतीस अंक जात. त्या दिवशी त्यांनी ते अडतीस अंक पाठवले नाहीत, एजन्सीच्या खोलीत ठेवून घेतले. उपयोग झाला नाही. सात वाजायच्या आत ते पान मोबाइलवर फिरायला लागलं होतं.

त्याच सकाळी त्या गावी गेल्या. राख सावडायचा दिवस होता. अंगणात माणसं बसली होती. साखराबाईंनी त्यांना पाहिलं आणि जागेवरूनच विचारलं, "माझ्या लेकराला फेफरं होतं म्हणून कुणी सांगितलं तुमाला?"

"मी तसं लिहिलं न्हाई, साखराबाई."

"मग वर नाव कुणाचं हाय?"

जगदेवींनी मोबाइलमधली मूळ बातमी काढली आणि त्या वाचायला लागल्या. साखराबाईंना वाचता येत नव्हतं. दोन ओळी झाल्यावर त्या म्हणाल्या, "काल बी तुमी आसंच वाचून दाखवलं हुतं. राहू द्या आता."

आदल्या दिवशी त्यांनी सवयीप्रमाणे बातमी साखराबाईंना वाचून दाखवली होती. त्या एवढ्या दुःखात, अंगणात मुलीला ठेवलेलं असताना, त्या माउलीने ती ऐकून घेतली होती आणि "खरं हाय, लिवा" असं म्हटलं होतं. आणि सकाळी छापून आलं होतं ते हे.

दहा वाजता मला फोन आला.

"सर, ती ओळ कुठून आली?"

"वरून आली, बाई. पोलिसांकडून असेल."

"मी ठाण्यात विचारून आले. त्यांच्याकडं फिटचं काही न्हाई."

मी समोरचा अंक घडी करून बाजूला ठेवला.

"तुमी लिहिली का सर?"

"मी बातमी फक्त लावली," मी म्हणालो. आमच्या धंद्यात असं बोलता येतं. लावली, घेतली, गेली. कुणी लिहिली ते त्यात येत नाही.

त्यांनी खुलासा मागितला. दोन दिवसांनी त्या स्वतः लातूरला आल्या, हाताने लिहिलेलं पत्र घेऊन. संपादकसाहेबांनी त्यांना दीड तास बाहेर बसवलं. माझं टेबल तिथून दिसत होतं. मी एकदा पाणी नेऊन दिलं. आत त्यांना काय सांगितलं गेलं ते मी दारातून ऐकलं. खुलासा छापला म्हणजे पेपर चुकतो असं होतं. संबंध बघावे लागतात. तुम्हाला देवणी तालुकाही देऊ, दोन तालुक्यांची एजन्सी म्हणजे मोठी गोष्ट आहे. जगदेवी एवढंच म्हणाल्या, "साहेब, त्या घराला मी तोंड कसं दाखवू, ते सांगा. तालुक्याचं मागून बघू." बाहेर आल्या आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

पुढचं त्यांनी एकटीने केलं. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी मूळ बातमीच्या चारशे प्रती काढल्या. वर लिहिलं, "मी पाठवलेली बातमी ही अशी होती," आणि खाली सही, मोबाइल नंबर. साड्यांच्या सेलची, दवाखान्यांची पत्रकं एजंट लोक पेपरात घालून देतात, तशी त्यांनी ती आमच्याच पेपरच्या प्रत्येक अंकात घातली. एका सकाळी तालुक्यातल्या चारशे घरांत आमच्या पेपरच्या पोटातून आमच्याच विरोधातला कागद निघाला.

लोकांनी वाचला. काहींनी फोन करून बरं केलं म्हटलं. पण बहुतेकांनी त्याला भांडण म्हटलं. पेपरशी एजन्सीवरून काहीतरी वाजलं असेल, म्हणून बाई असं करायली. पेपरात छापून आलं होतं, ती बातमी होती. पत्रकातलं, ते रागातलं होतं.

चार दिवसांत एजन्सी दुसऱ्याला गेली. पान चारवर चौकट आली. "जगदेवी मठपती यांचा या दैनिकाशी कोणताही संबंध राहिलेला नाही. त्यांच्याशी केलेल्या व्यवहारास दैनिक जबाबदार राहणार नाही." ही चौकटही मीच टाइप केली. व्यवहार हा शब्द वाचून लोकांना वाटलं, बाईंनी पैसे खाल्ले. एका शब्दाने एवढं होतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

फेब्रुवारीत थोरल्या राजकन्येचं लग्न मोडलं. चाकूरच्या एका शिक्षक मुलाशी तिचं ठरलं होतं, सुपारी फुटली होती. मुलाकडून निरोप आला, थोडं थांबू. मग तिसऱ्याकडून कळलं, घराण्यात फिट आहे म्हणून ते मागं सरत आहेत. व्यंकटी जगदेवींच्या घरी आले. साखराबाईंना न सांगता आले होते.

"अक्का, तुमी येऊन सांगा त्यास्नी. तुमच्याच नावानं आलंय, तुमी सांगितलं तर ऐकतील."

दोघं एसटीने चाकूरला गेली. पुढचं मला व्यंकटींनीच नंतर सांगितलं. मुलाच्या चुलत्याने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि मग कपाटातून चौकोनी कापलेलं कात्रण काढून टीपॉयवर ठेवलं.

"हे नाव तुमचंच ना, बाई?"

"माझंच हाय. पण हे मी लिहिलेलं न्हाई." त्यांनी मोबाइल पुढे केला. मेल, तारीख, वेळ, मूळ मजकूर, सगळं दाखवलं. पत्रक दाखवलं.

चुलत्याने नीट वाचलं. माणूस वाईट नव्हता, व्यंकटी म्हणाले. वाचून झाल्यावर त्याने मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "इथं बी तुमचं नाव, तिथं बी तुमचं नाव. उद्या काही झालं तर पोराच्या आईला मी कोणतं दाखवू?"

व्यंकटी म्हणाले, येताना त्या पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या, शिरूर आलं तेही त्यांना कळलं नाही.

तेच कात्रण पुढे वसतिगृहाच्या वकिलाने वापरलं. व्यंकटींनी नुकसानभरपाईसाठी दावा केला होता. व्हिसेराचा अहवाल दहा महिन्यांनी आला, त्यात विषाचा अंश नाही एवढंच होतं. रजिस्टर हरवलं होतं. जयाच्या वडिलांनी हात जोडून सांगितलं, पोरीचं वर्ष आहे, तिला यात ओढू नका. उरलं होतं एक कात्रण, आणि त्यावर तालुक्यात सगळ्यांना माहीत असलेल्या बाईचं नाव.

तेव्हा जगदेवींनी मला फोन केला. चौकटीनंतर पहिल्यांदाच.

"सर, एक कागद लागतो. ती ओळ माझी न्हाई, ती ऑफिसात घातली, एवढं लिहून द्या. तुमाला माहीत हाय ते."

आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

"बघतो," मी म्हणालो.

माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. मेमध्ये मेडिकलची प्रवेश परीक्षा. मी मनात हिशेब केला की मे होऊ दे, मग देऊ. एकदा मेसेज आला, "सर, कागदाचं?" मी उत्तर दिलं नाही. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

परीक्षा झाली. मुलीला चांगले गुण पडले आणि पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत तिचाही फोटो आला, तिसऱ्या ओळीत. तिला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. मी लातूरची नोकरी सोडली आणि आम्ही नांदेडला राहायला आलो. तिथे एका बातम्यांच्या पोर्टलवर काम मिळालं. तिथेही कोणाविरुद्ध बातमी लावायची नाही, याची एक यादी असते. ती तोंडी असते. नवीन काही नव्हतं.

दिवाळीनंतर मी वकिलाकडे जाऊन बाँडवर सगळं लिहून दिलं. काय काढलं, काय घातलं, कुणाच्या सांगण्यावरून, आणि नाव का ठेवलं. सहीशिक्का झाला. जानेवारीत तो कागद घेऊन शिरूरला गेलो.

जगदेवी तहसीलच्या आवाराबाहेर बसल्या होत्या. लाकडी बाक, वर ताडपत्री. निराधार पगाराचे, फेरफाराचे, शिधापत्रिकेचे अर्ज लिहून देत होत्या. केस पिकले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि बाकावर सरकून जागा दिली. समोरच्या म्हातारीचा अर्ज पुरा केला, तो तिला सावकाश वाचून दाखवला, तिने मान हलवल्यावर अंगठा घेतला. मगच माझ्याकडे वळल्या.

मी कागद दिला. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"दावा मागं घेतला सर त्यांनी. ऑगस्टमदीच."

मला हे माहीत नव्हतं.

"व्यंकटी थकले. वकील म्हणला, टिकत न्हाई." कागदाची घडी घालून त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. "मला देऊन काय उपयोग? मला माहीतच हाय हे. त्यांच्या घरी चला."

दुपारी आम्ही गावी गेलो. साखराबाई ओसरीवर तुरी निवडत होत्या. व्यंकटी डेअरीवरून आले. राजकन्या उदगीरला एका पतपेढीत नोकरीला होती, महिन्यातून एकदा यायची. लग्नाचा विषय तिने बंद करून टाकला होता. भिंतीवर सृष्टीचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता.

मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. व्यंकटींनी मला बसवलं. मी सगळं सांगितलं. संपादकांचं, फोनचं, ओळीचं. अर्ध्या फीचंही सांगितलं. ते कागदात नव्हतं. सांगताना मला वाटत होतं की आता साखराबाई ओरडतील, मला घराबाहेर काढतील.

साखराबाईंचे हात सुपात तसेच राहिले. त्यांनी विचारलं, "तुमची लेक कुठं हाय आता?"

"नांदेडला. मेडिकलला."

"हॉस्टेलात?"

"नाही, घरी. आम्ही तिथंच राहायला गेलो."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "लेकराला जवळ ठेवावं."

व्यंकटींनी कागद घेतला, वाचला, आणि आत जाऊन लोखंडी पेटीत ठेवून आले. मी बघितलं, त्या पेटीत सृष्टीच्या गुणपत्रिका होत्या.

जगदेवी या सगळ्या वेळात ओसरीच्या खाली, पायरीपाशी उभ्या होत्या. वर आल्या नव्हत्या. मी साखराबाईंना म्हणालो, "बाईंची काहीच चूक नव्हती. तुम्ही आता तरी..."

"मला कळतं ते," साखराबाई म्हणाल्या. त्या जगदेवींकडे बघत नव्हत्या. "लई दिवसांपासून कळतं. तिनं कागद वाटले, चाकूरला गेली, एजन्सी गेली तिची, समदं माहीत हाय मला. पण ती दिसली की मला ते पेपर दिसतं, सर. त्याला म्या काय करू?"

जगदेवींनी फक्त मान हलवली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मग त्या फाटकाकडे चालायला लागल्या. व्यंकटी "अक्का, च्या तरी" म्हणाले, तेव्हा त्या "पुन्हा येईन" म्हणाल्या, पण थांबल्या नाहीत.

रस्त्यापर्यंत आम्ही दोघं चालत आलो. मी म्हणालो, उशीर केला मी. त्या म्हणाल्या, हो. एसटीची वाट बघत आम्ही सडकेच्या कडेला उभे होतो. शेजारच्या रानात हरभरा होता, ओल्या हरभऱ्याचे ढाळे काढणारी एक बाई जगदेवींना हाक मारून विचारत होती, "अक्का, माझ्या अर्जाचं काय झालं?" त्यांनी तिथूनच सांगितलं, सोमवारी ये, कागद घेऊन ये. मी विचारलं, बातम्या पुन्हा लिहिणार नाही का. नांदेडच्या एका ओळखीच्या पेपरला सांगतो.

"नको सर," त्या म्हणाल्या. "अर्ज बरा. जो सही करतो त्याला मी वाचून दाखवते आन् तोच हातानं आत नेऊन देतो. मदी कुणी नसतं."

बस आली. मी चढलो. त्या शिरूरच्या जीपची वाट बघत तिथेच राहिल्या.

नांदेडला पोचायला दिवेलागण झाली. मुलगी स्वयंपाकघरात चहा करत होती. बाबा, कुठं गेला होतात, असं तिने विचारलं. मी म्हणालो, शिरूरला, एका ओळखीच्या बाईंकडे. तिने कप माझ्या हातात दिला आणि आज शरीररचनेच्या तासाला काय झालं ते सांगत बसली. मी ऐकत होतो. तिच्या क्लासची माफ झालेली अर्धी फी खरं तर कुणी भरली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.